सहाच का?

काही वर्षांपूर्वी एका दुपारी माझ्या नावाने एक पत्र आले. जिल्ह्यातल्या एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाच्या 'संस्थात्मक प्राणी नीतिमत्ता समिती'वर माझी नेमणूक झाल्याचे त्यात कळवले होते. समितीतले माझे पद पाहून मी ते पत्र पुन्हा एकदा वाचले. मी 'सामाजिक जाणीव असलेला, शास्त्रज्ञ नसलेला सदस्य' होतो. जामखेडमध्ये मराठी शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाचे वर्णन शास्त्रज्ञ नसलेला असे करणे अगदीच बरोबर होते. सामाजिक जाणिवेबद्दल मात्र मला तेवढी खात्री नव्हती. घरी पत्र दाखवले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आता उंदरांना मराठी शिकवणार का भाऊजी?" सगळे हसले, मीही हसलो. त्या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात यायला पुढे बरेच महिने जावे लागले.

ही समिती म्हणजे काय हे साहित्याच्या वाचकांना ठाऊक असण्याचे कारण नाही, म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० सालचा आहे. या कायद्याने प्राण्यांवरील प्रयोगांना मनाई केलेली नाही. नवे ज्ञान मिळावे, जीव वाचावा, आयुष्य वाढावे, रोग हटावा यासाठी केलेला प्रयोग बेकायदा नाही, असे त्याचे १४ वे कलम स्पष्ट सांगते. मात्र लगेच पुढचे, १५ वे, कलम अशा प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती नेमण्याची तरतूद करते. एका हाताने दिलेली मोकळीक दुसऱ्या हाताने धरून ठेवणारा हा कायदा आहे. अशी केंद्रीय समिती प्रथम १९६४ साली नेमली गेली. पण तिच्या कामाला खरी धार आली ती १९९८ सालच्या नियमांनंतर. तेव्हापासून प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी करावी लागते आणि स्वतःची नीतिमत्ता समिती ठेवावी लागते. तीत जीवशास्त्राच्या निरनिराळ्या शाखांचे संशोधक असतात, एक पशुवैद्य असतो, प्राणिगृहाचा प्रमुख असतो, बाहेरच्या संस्थेतला एक शास्त्रज्ञ असतो, केंद्रीय समितीचा प्रतिनिधी असतो. आणि या सगळ्यांत एक माझ्यासारखा. उंदीर, ससे, गिनिपिग अशा लहान प्राण्यांवरच्या प्रयोगांना ही स्थानिक समिती परवानगी देऊ शकते. कुत्री, माकडे अशा मोठ्या प्राण्यांचा प्रस्ताव मात्र दिल्लीच्या समितीकडे जातो.

पहिल्या सभेची आठवण सांगताना आजही संकोच वाटतो. सात प्रस्ताव होते आणि सभा चाळीस मिनिटांत आटोपली. सदस्य एकमेकांना ओळखत होते, विद्यार्थ्यांचे मार्गदर्शकही तिथेच होते. 'विस्टार जातीचे उंदीर, सहा गट, प्रत्येकी सहा' असे काहीतरी वाचले जाई, कोणी मान डोलावे, की पुढचा कागद. सामोसे आले, चहा आला. सह्यांचे पान फिरत माझ्यापर्यंत आले. वरच्या सात जणांच्या सह्या झालेल्या होत्या. आठवी मी केली.

नगरहून जामखेडला परतणाऱ्या एसटीत बसल्यावर मनाला टोचणी लागली. वर्गात वर्षानुवर्षे मी एकच गोष्ट कानीकपाळी ओरडत आलो होतो: आधी संहिता वाचा. मार्गदर्शिका नको, समीक्षकाचे मत नको, कवीचे चरित्र नको. आधी समोरचा मजकूर शब्द न् शब्द वाचा. आणि त्याच माणसाने त्या दिवशी सात संहितांवर न वाचता सही केली होती. उंदरांचे काय झाले असेल हा प्रश्न नंतर आला, हे कबूल केले पाहिजे. आधी शरम वाटली ती माझ्यातल्या शिक्षकाची.

म्हणून पुढच्या सभेचे कागद मी आठ दिवस आधी मागवून घेतले. अर्जाचा तो ठरावीक नमुना मी एखादी कविता शिकवण्याआधी वाचतो तसा, पेन्सिल घेऊन वाचला. शास्त्राचा भाग बहुतांश समजत नव्हता, पण वाक्ये समजत होती. आणि वाक्यांकडे पाहता पाहता एक गोष्ट लक्षात आली, जी तिथल्या एकाही शास्त्रज्ञाला दिसली नसावी. कारण ती दिसण्यासाठी व्याकरण शिकवावे लागते.

त्या मजकुरात कर्ता नव्हता. सगळे काही कर्मणी प्रयोगात घडत होते. उंदीर आणले जातील, त्यांचे गट पाडले जातील, त्यांना द्रावण टोचले जाईल, सूज मोजली जाईल आणि शेवटी, तिथे वापरलेला इंग्रजी शब्द मराठीत आणायचा तर, त्यांचा 'बळी दिला जाईल'. कोण देईल? वाक्य बोलत नव्हते. शास्त्रीय लेखनात 'मी' टाळावा हा संकेत मला माहीत आहे. निरीक्षण कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाही, दुसऱ्या कोणी केले तरी तेच दिसेल, हे सांगण्यासाठी तो संकेत आला. त्याचे कारण प्रामाणिक आहे. पण वस्तुनिष्ठतेसाठी काढून घेतलेला कर्ता जबाबदारीच्या वेळीही परत येत नाही, ही अडचण आहे.

आणि तो 'बळी'! प्रयोगशाळांनी हा शब्द इतका झिजवला आहे की तो वाचताना कोणी थांबत नाही. आमच्या भागात जत्रेला बोकड कापला जातो तेव्हा कापणाऱ्याला नाव असते, गाव असते, आणि तो कोणासाठी कापला हेही सगळ्यांना माहीत असते: अमक्याचा नवस होता. त्या प्रथेबद्दल कोणाचे मत काहीही असो, तिच्या वाक्यात सगळी कारके जागेवर असतात. कर्ता आहे, कर्म आहे आणि मुख्य म्हणजे संप्रदान आहे. ज्याला द्यायचे तो संप्रदान. आपल्या शालेय व्याकरणातली चतुर्थी. 'बळी देणे' या क्रियेला चतुर्थी लागतेच. कोणाला? हा प्रश्न त्या क्रियापदाच्या पोटातच आहे. माझ्यापुढच्या अर्जात बळी होता, बळी जाणारा होता; ज्याला दिला तो मात्र कुठेच सापडत नव्हता.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या विरुद्ध पक्षात गेलो. तसे जाणे मला शक्य नव्हते. त्याचे कारण माझ्या घरात आहे आणि त्याचे नाव दादा.

१९९८ सालच्या पावसाळ्याची गोष्ट. शेतीपंपाची वीज रात्रीची असे, म्हणून दादा रात्री घासाला पाणी धरायला गेला होता. बांधावर त्याला घोणस चावली. बैलगाडी, मग कोणाची तरी जीप, असे करत दवाखाना गाठेपर्यंत पाय मांडीपर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होते. डॉक्टरांनी काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेतले आणि ती नळी न हलवता वीस मिनिटे ठेवली. वीस मिनिटांनी ती तिरपी केली, तर रक्त पाण्यासारखे वाहिले, गोठलेच नव्हते. ती नळी मी आजही विसरलेलो नाही. मग शिरेतून लस सुरू झाली. पहाटेपर्यंत एकामागून एक कुप्या गेल्या. तिसऱ्या दिवशी दादाने भाकरी मागितली. वहिनींच्या त्या विनोदाला ही पार्श्वभूमी होती, हे त्यांच्याही ध्यानात नव्हते.

ती लस कशी होते हे मी समितीवर आल्यावर शोधून वाचले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष काढून ते अगदी अल्प मात्रेत घोड्याला टोचतात आणि मात्रा हळूहळू वाढवत नेतात. घोड्याच्या रक्तात विषाचा प्रतिकार करणारी द्रव्ये तयार होतात. मग त्याच्या मानेच्या शिरेतून रक्त घेऊन त्यातला रक्तद्रव वेगळा करतात. आपल्याकडे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे या कामाशी जुने नाते आहे. पिंपरीला तिच्या परंपरेतले घोडे आहेत. पण गोष्ट घोड्यापाशी संपत नाही. तयार झालेल्या लशीत दम आहे की नाही हे कसे कळणार? आपल्या औषधसंहितेप्रमाणे एक मिलिलिटर लशीने नागाचे आणि घोणसीचे प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, तर मण्यारीचे आणि फुरशाचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी केले पाहिजे. ते होते का हे पाहण्यासाठी विष आणि लस मिसळून लहान पांढऱ्या उंदरांना टोचतात आणि किती जगले, किती मेले ते मोजतात. हे एकदा करून भागत नाही, कारण प्रत्येक घाणा नवा असतो.

म्हणजे दादाच्या शिरेत गेलेल्या प्रत्येक कुपीमागे एक घोडा होता आणि न मोजलेले काही उंदीर होते. त्या वाक्यात चतुर्थी होती. संप्रदान होते माझा सख्खा भाऊ. मी प्रयोगांच्या विरुद्ध बोलू लागलो तर दादा माझ्या मागे येऊन उभा राहणार. आणि डोळे मिटून सही करू लागलो तर ते उंदीर समोर येणार. या दोघांच्या मध्ये उभे राहून काय करता येते, एवढाच माझ्यापुढचा प्रश्न होता.

आपल्याकडे अशा वेळी 'भूतदया' हा शब्द हाताशी असतो. पैठणच्या वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल पाजले, ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तिचा अर्थ सांगताना मी वर्गात नेहमी दयेवर भर देई. समितीवर आल्यावर मला त्या कथेत दुसरेच काही दिसू लागले: कावड नाथांची स्वतःची होती. चालण्याचे कष्ट त्यांचे, पुण्य त्यांचे, ते ओतून देण्याचा अधिकारही त्यांचा. समितीत बसलेला माणूस दुसऱ्याची कावड ओतत असतो. विद्यार्थ्याची पदवी, रोग्याची आशा, उंदराचा जीव, यातले काहीच त्याचे नसते. त्यामुळे तिथे दया हा पुरेसा गुण नाही. दया वाटली तरी हिशेब विचारावा लागतो. आणि शेतकऱ्याच्या मुलाने भूतदयेचा फार गर्व करूही नये. पोळ्याला ज्या बैलाचे खांदे आम्ही लोण्याने मळतो, त्याच्या नाकातून वेसण आम्हीच ओवलेली असते.

दुसऱ्या सभेत निर्गुंडीचा प्रस्ताव होता. पदव्युत्तर वर्गातल्या एका मुलीचा. निर्गुंडीच्या पानांचा अर्क सूज कमी करतो का हे तिला पाहायचे होते. पद्धत ठरलेली: समुद्री शेवाळापासून काढलेला कॅराजीनन नावाचा पदार्थ उंदराच्या मागच्या पंजात टोचायचा, पंजा सुजतो, मग ठरावीक वेळाने सूज मोजायची. गट सहा: एक निरोगी, एक केवळ सूज आणलेला, एक नेहमीचे औषध दिलेला आणि तीन अर्काच्या तीन मात्रांचे. प्रत्येकी सहा उंदीर, एकूण ३६. मोजणी चोवीस तास. शेवटी तेच कर्तृहीन वाक्य.

मी विचारले, "प्रत्येक गटात सहाच का?"

प्रश्न साधा होता. पाच का नाहीत, आठ का नाहीत, एवढेच मला समजून घ्यायचे होते. क्षणभर कोणी बोलले नाही. मग मार्गदर्शक म्हणाले, "सर, सहाच घेतात." दुसरे म्हणाले, "सगळ्या शोधनिबंधांत सहाच असतात." ते खरेच असावे. पण 'घेतात' हे उत्तर मी वर्गात फार ऐकलेले आहे. कवितेत चंद्र का आला? येतो, सर. आमच्या प्रबंधांतही पहिले प्रकरण लेखकाच्या चरित्राचे का? असते, सर. संशोधनातल्या सवयींबद्दल साहित्याच्या माणसाने कोणाला नावे ठेवू नयेत. एकाच कादंबरीकाराच्या स्त्रीचित्रणावर आपल्या विद्यापीठांतून किती प्रबंध निघाले ते आपण जाणतो. फरक एवढाच की आपल्या सवयींनी कागद मरतो.

मी दुसरा प्रश्न विचारला. निर्गुंडीने सूज उतरते हे माझ्या आजीलाही माहीत होते. आणि असे प्रयोग पूर्वी अनेकदा झाल्याचे अर्जातच लिहिले आहे. मग या प्रयोगाचे उत्तर 'हो' आले तर काय बदलेल, आणि 'नाही' आले तर काय बदलेल? याचेही उत्तर त्या दिवशी मिळाले नाही. प्रस्ताव पुढच्या सभेपर्यंत राखून ठेवला गेला.

चार दिवसांनी ती मुलगी जामखेडला माझ्या घरी आली. चेहरा ओढलेला, पण आवाज ठाम. वडील ऊसतोडीला जातात, हे तिने सांगितले ते सहानुभूतीसाठी नव्हे, हिशेब सांगावा तसे. सहा महिने लांबले तर खोलीचे भाडे, मेसचे पैसे आणि हातात येऊ घातलेली नोकरी, तिन्ही जाणार. मग ती म्हणाली, "सर, तुम्ही शास्त्राचे नाही. सहाच का, हे विचारणं सोपं आहे. तुम्हाला उंदरांचं वाईट वाटलं, माझं नाही वाटलं."

हे बोलणे मला लागले, कारण ते निम्मे खरे होते. तिच्या पदवीलाही चतुर्थीचा प्रत्यय लागू शकतो, हे मी विचारात घेतलेच नव्हते. छत्तीस उंदरांचे संप्रदान 'विज्ञान' नसेल, 'समाज' नसेल. ती मुलगी असेल. आणि ती कमी महत्त्वाची आहे असे कोण म्हणेल?

दुसऱ्या निम्म्याबद्दल मात्र मी तिला जामखेडचीच गोष्ट सांगितली. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य इथे आले. त्यांनी गावोगावच्या, बहुतेक निरक्षर, अनेक दलित आणि वंचित घरांतल्या बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. गरोदर बाईची तपासणी, मुलांचे कुपोषण, जुलाबाच्या पोराला मीठसाखरेचे पाणी, हे सगळे त्या करू लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जामखेडचे नाव जगाच्या आरोग्यशास्त्रात गेले. त्या कामाचा गाभा हा होता की वैद्यकातले ज्ञान डॉक्टरच्या बंद कपाटात ठेवायचे नसते. साध्या माणसाला ते साध्या शब्दांत सांगता आले पाहिजे. "ज्या गावात निरक्षर बाईला औषधाचं कारण समजावून सांगितलं गेलं," मी म्हणालो, "त्या गावात मराठीच्या मास्तरला सहाचं कारण सांगता येणार नाही का तुला? मला पटव. पटलं की सही करतो." तिने चहा अर्धा ठेवला आणि गेली. ती रागावूनच गेली असे मला वाटले.

पुढची सभा लवकर बोलवावी, तिचे सत्र वाया जाऊ नये, अशी विनंती मी अध्यक्षांना पत्राने केली. ती मान्य झाली. त्या सभेत ती स्वतः उभी राहून बोलली. आधीच्या शोधनिबंधांतल्या मोजण्या तिने गोळा केल्या होत्या. एका उंदराच्या आणि दुसऱ्याच्या सुजेत किती फरक पडतो, औषधाने किती फरक पडला तर तो खरा मानायचा, यावरून संख्याशास्त्राच्या शिक्षकांकडून तिने गणित करून घेतले होते. उत्तर काय आले? सहा! सभेत हशा पिकला आणि मीही त्यात सामील झालो. संख्या तीच होती, पण आता तिला कारण होते. पाच घेतले तर उत्तर संशयास्पद राहील आणि पाचही वाया जातील. आठ घेतले तर वरचे दोन विनाकारण जातील.

एकदा आकडे बोलू लागल्यावर इतरांनाही कंठ फुटला. बाहेरच्या संस्थेतून आलेले शास्त्रज्ञ म्हणाले, प्रत्येक उंदराचा पंजा टोचण्याआधी मोजलेला असतोच, मग निरोगी उंदरांचा वेगळा गट कशाला? तो गट गेला. अर्काच्या नमुन्यांची तुलना आधी काचपात्रात, प्रथिनांवर करून पाहावी असे ठरले. तिथे जो कमी पडेल तो प्राण्यापर्यंत आणायचाच नाही. त्यामुळे मात्रांचाही एक गट कमी झाला. सहाचे चार गट झाले, छत्तीसचे चोवीस. पशुवैद्यांनी विचारले, या सुजेचा भर पहिल्या काही तासांत असतो, तर चोवीस तास का ठेवायचे? मोजणी चार तासांवर आली. इंग्लंडमधल्या रसेल आणि बर्च या दोन शास्त्रज्ञांनी १९५९ साली एका पुस्तकात तीन तत्त्वे सांगितली होती: प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. जगभरच्या अशा समित्या आज याच तीन तत्त्वांवर चालतात. त्या दुपारी ती तिन्ही, कोणी त्यांचे नावही न घेता, टेबलावर येऊन गेली. आणि निर्गुंडीचा प्रयोग कशासाठी? तिने सांगितले की ज्या पद्धतीने तिने अर्क काढला आहे ती कमी खर्चाची आहे. ती टिकली तर त्याचा लेप करण्याचा विचार पुढे नेता येईल, न टिकली तर तो रस्ता सोडून देता येईल. 'नाही' या उत्तरालाही आता काम होते.

मी सही केली. प्रयोगानंतर ते चोवीस उंदीर भुलीच्या जादा मात्रेने मारले गेले. वाक्य पुन्हा कर्मणी झाले, म्हणून दुरुस्त करतो: मी परवानगी दिली, तिने औषध टोचले आणि चोवीस उंदीर मेले. बारा वाचले असे म्हणावेसे वाटते. पण ते प्रयोगशाळेसाठीच जन्मलेले, ते दुसऱ्या कोणाच्या तरी प्रस्तावात गेले असतील. म्हणून त्या बारांचे श्रेय मी घेत नाही.

पुढे २०२० साल आले. करोनावरची लस पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत माकडांवर तपासली गेली. त्याचा अहवाल २०२१ साली प्रसिद्ध झाला तेव्हा मी तो सवयीने उघडला. मजकूर माझ्या आवाक्याबाहेरचा होता. मी फक्त संख्या शोधली. वीस माकडे, पाचांचे चार गट. एका गटाला लस नाही, तिघांना लशीचे तीन प्रकार. मग सगळ्यांना विषाणू. पाचच का, असे मनात आलेच. त्याच वर्षी मी कोव्हॅक्सिनच्या दोन मात्रा घेतल्या होत्या. या वेळी संप्रदान मी स्वतः होतो. दंडावर सुई टोचताना ती वीस माकडे मला आठवली नव्हती. अहवाल वाचताना आठवली. हा क्रम बरोबर नाही, पण तो बहुतेकांचा तसाच असतो.

दिशा मात्र बदलते आहे, हेही नोंदवले पाहिजे. महाविद्यालयांतले बेडकांचे विच्छेदन विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये थांबवले. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी आपल्याकडे त्याच वर्षी बंद झाली. २०२३ साली औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशी, कृत्रिम ऊती, संगणक यांच्या आधारे केलेल्या चाचण्यांना जागा मिळाली. दादाच्या लशीची परीक्षा उद्या उंदरांवाचून झाली तर मला आनंदच होईल. तोवर ती उंदरांवर झाली पाहिजे, असेही मी म्हणेन; कारण न तपासलेली लस घेऊन कोणाच्या तरी दादाला वीस मिनिटे त्या काचेच्या नळीकडे पाहत ठेवणे मला मान्य नाही. या दोन विधानांचा मेळ मला पूर्णपणे घालता आलेला नाही. कदाचित तो घालता येऊच नये. ज्या दिवशी तो सहज घालता येईल, त्या दिवशी समितीत पुन्हा चाळीस मिनिटांत सात सह्या होतील.

साहित्य शिकवणाऱ्यांना, आणि शिकणाऱ्यांना, मला एवढेच सांगायचे आहे. तुमच्यापैकी कोणाला कधी असे पत्र आले तर 'आपल्याला त्यातले काय कळते' असे म्हणून ते परत पाठवू नका. तिथे दयाळू माणसापेक्षा वाचणारा माणूस जास्त लागतो. कर्ता कोठे गेला, संप्रदान कोण, 'घेतात' या क्रियापदामागे नेमके कोण उभे आहे, हे विचारण्याचे शिक्षण आपल्याला मिळालेले असते. ते परीक्षेपुरते नसते.

त्या मुलीने नंतर बांधलेल्या प्रबंधाची एक प्रत मला पाठवली. सोबत पत्र नव्हते. पद्धतीच्या प्रकरणात एक परिच्छेद पेन्सिलीने खुणावलेला होता. प्रत्येक गटात सहा प्राणी का घेतले, त्याचे कारण त्यात सात ओळींत दिले होते. शेवटच्या प्रकरणात निष्कर्ष होता: अर्काने सूज उतरली, पण नेहमीच्या औषधाइतकी नाही. मी प्रबंध कपाटात ठेवला, मराठीच्या प्रबंधांच्या शेजारी. दादा त्या वेळी ओसरीवर बसून बैलाची म्होरकी वळत होता. त्याने विचारले, "काय आलंय?" मी म्हणालो, "उंदरांचा हिशेब." त्याने मान हलवली आणि पुन्हा दोरीला पीळ घालू लागला. त्याच्या डाव्या पायावर घोट्याजवळ अजून काळा डाग आहे.